पेप्टाइड बंध आणि प्रथिनांचा विद्युतभार

पेप्टाइड बंध हा एका अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट आणि दुसऱ्या अमिनो आम्लाचा अमिनो गट यांच्यामध्ये, पाण्याचा एक रेणू बाहेर पडून तयार होणारा सहसंयुज बंध होय. या बंधाने अमिनो आम्ले एकामागून एक जोडली जाऊन प्रथिनांच्या साखळ्या बनतात. बंध तयार होताना त्यात भाग घेणाऱ्या दोन्ही गटांचा विद्युतभार नाहीसा होतो. त्यामुळे प्रथिनाचा एकूण विद्युतभार साखळीच्या कण्यावर नव्हे, तर तिची दोन टोके आणि मुख्यतः तिच्या पार्श्वशृंखला यांवर अवलंबून असतो.

अमिनो आम्लांची रचना

अमिनो आम्लाच्या मध्यभागी अल्फा कार्बन नावाचा कार्बन अणू असतो. त्याच्या चार बंधांना अमिनो गट, कार्बॉक्सिल गट, हायड्रोजन आणि पार्श्वशृंखला हे चार घटक जोडलेले असतात. पहिले तीन घटक सर्वांत समान असल्याने एक अमिनो आम्ल दुसऱ्याहून वेगळे ठरते ते केवळ पार्श्वशृंखलेमुळे. जनुकीय संकेतानुसार प्रथिनांत वापरली जाणारी प्रमाण अमिनो आम्ले २० आहेत. ग्लायसिनची पार्श्वशृंखला म्हणजे केवळ एक हायड्रोजन अणू. प्रोलिनची पार्श्वशृंखला वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते. ग्लायसिन सोडून इतर सर्वांची डावी व उजवी अशी आरशातील प्रतिबिंबासारखी दोन रूपे संभवतात. पेशींतील प्रथिने घडविताना त्यांपैकी डावे रूपच वापरले जाते.

विद्युतभार

पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत अमिनो आम्ल सोयीसाठी विद्युतभाररहित दाखविले जाते. प्रत्यक्षात पाण्यामध्ये हे रूप जवळजवळ आढळत नाही. कार्बॉक्सिल गट आपला प्रोटॉन सोडून ऋणभारित होतो आणि अमिनो गट प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतो. एकाच रेणूवर असे दोन विरुद्ध भार असल्यामुळे त्याला द्विध्रुवी आयन म्हणतात. याचा पुरावा घन अवस्थेतही मिळतो. ॲसिटिक आम्ल सुमारे १६.६ अंश सेल्सिअसला वितळते. रेणुभाराने त्याच्याहून थोडेसेच जड असलेले ग्लायसिन मात्र २३० अंशांच्या पुढे जाईपर्यंत घनरूपच राहते आणि नंतर वितळण्याबरोबर विघटित होते. त्याचे स्फटिक मिठाच्या स्फटिकाप्रमाणे विरुद्ध भारांच्या आकर्षणाने बांधलेले असतात.

द्रावणाचा सामू बदलला की हा भारही बदलतो. ग्लायसिनचा कार्बॉक्सिल गट सामू २.३ च्या सुमारास आणि अमिनो गट ९.६ च्या सुमारास निम्म्या प्रमाणात प्रोटॉनरहित होतो. या दोहोंच्या मध्ये, सुमारे ६ या सामूला, निव्वळ भार शून्य असतो. या सामूला समविद्युत बिंदू म्हणतात.

काही पार्श्वशृंखलांनाही स्वतःचा भार असतो. रक्ताच्या सामूला, म्हणजे ७.४ च्या आसपास, ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल ऋणभारित, तर लायसिन व आर्जिनिन धनभारित असतात. नावात ‘आम्ल’ असले तरी लायसिन व आर्जिनिन यांची द्रावणे आम्लारिधर्मी असतात. केवळ नावावरून गुणधर्म ठरवू पाहणाऱ्याची येथे फसगत होते. हिस्टिडिनच्या पार्श्वशृंखलेचा सीमासामू ६ च्या जवळ आहे. पेशीच्या नेहमीच्या परिस्थितीत ती प्रोटॉन सहज घेऊ व देऊ शकते, म्हणून अनेक विकरांच्या क्रियाशील जागी हिस्टिडिन आढळते.

बंधाचे स्वरूप

प्रथिने ही अमिनो आम्लांची अशा बंधांनी जोडलेली साखळी आहे, ही कल्पना एमिल फिशर आणि फ्रान्झ हॉफमायस्टर यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली.

पेप्टाइड बंधातील कार्बन व नायट्रोजन यांच्यामधील अंतर सुमारे ०.१३३ नॅनोमीटर असते. हे साध्या एकेरी बंधापेक्षा कमी आणि दुहेरी बंधापेक्षा जास्त आहे. नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनांची मुक्त जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाकडे अंशतः ओढली जात असल्याने या बंधाला काहीसे दुहेरी स्वरूप येते. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, हा नायट्रोजन सहसा प्रोटॉन स्वीकारत नाही आणि त्यामुळे कणा भाररहित राहतो. दुसरा म्हणजे, बंधाभोवती मोकळेपणाने फिरणे शक्य नसल्याने त्याच्या आसपासचे सहा अणू एका प्रतलात राहतात. साखळी वळू शकते ती अल्फा कार्बनच्या दोन बाजूंच्या बंधांपाशी. तेथील कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. रामचंद्रन आलेख आजही प्रथिनांच्या रचना तपासण्यासाठी वापरला जातो.

पाण्यात अमिनो आम्ले नुसती मिसळली तर हा बंध आपोआप जुळत नाही. पेशीत रायबोसोम हे काम ऊर्जा खर्च करून पार पाडतो. उलट, जुळलेला बंध विकराशिवाय उदासीन पाण्यात अतिशय सावकाश तुटतो. प्रयोगशाळेत तो तोडण्यासाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास तापवावे लागते. ट्रिप्सिन हे पाचक विकर तेच काम शरीराच्या तापमानाला करते, मात्र साखळीतील लायसिन किंवा आर्जिनिन यांच्या पुढचाच बंध ते निवडते. धनभार ही त्याची खूण असते.

भारातील बदलाचे परिणाम

दुधातील केसीन या प्रथिनाचे कण दुधाच्या स्वाभाविक सामूला, म्हणजे सुमारे ६.६ ला, ऋणभारित असतात आणि एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत राहतात. विरजणातील जीवाणूंनी तयार केलेल्या लॅक्टिक आम्लाने सामू ४.६ च्या जवळ, म्हणजे केसीनच्या समविद्युत बिंदूपाशी आला की हे अपसारण संपते आणि कण एकत्र येऊन दही लागते. यात पेप्टाइड बंध तुटावे लागत नाहीत. बदलतो तो पार्श्वशृंखलांवरील भार.

अधिक गंभीर उदाहरण सिकलसेल आजाराचे आहे. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते, असे दाखविले. केम्ब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिनने हिमोग्लोबिनचे तुकडे करून त्यांची तुलना केली. फरक एकाच तुकड्यात निघाला. १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी भाररहित व्हॅलिन असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये जाहीर केले. हिमोग्लोबिनच्या रेणूत अशा दोन बीटा साखळ्या असल्याने दोन ऋणभार कमी होतात. पाण्यापासून दूर राहू पाहणारे व्हॅलिन, ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत, शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते. असे रेणू जुळत जाऊन लांब तंतू तयार होतात, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. रुग्णाच्या तीव्र वेदनांचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबार या भागांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. प्राथमिक विद्राव्यता चाचणीत दोष आढळला तर ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे त्या चाचणीवरून कळत नाही. ते ठरविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत, आम्लारिधर्मी द्रावणात, सर्वसामान्य हिमोग्लोबिन धनाग्राकडे पुढे जाते आणि दोन ऋणभार कमी असलेले हिमोग्लोबिन मागे राहते. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही पट्टे दिसतात. रुग्णाच्या नमुन्यात, रक्त चढविलेले नसल्यास, सर्वसामान्य हिमोग्लोबिनचा पट्टा एक तर नसतो किंवा, बीटा थॅलॅसेमियाही सोबत असल्यास, फिका असतो.