खेळावरचा खर्च आणि फौजेची भरती

आमच्या राजाजीनगरात मला विचारतात, फौजेने खेळावर पैसा का घालवावा? भरती वाढते का?

अमेरिकेच्या नॅशनल गार्डने २०१२ मध्ये मोटारशर्यतींच्या प्रायोजकत्वावर अडीच कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. त्यांच्याच आकडेवारीनुसार त्यातून एकही जवान मिळाला नाही.

आपल्याकडे भरतीला रांगा लागतात. जाहिरात हवी कशाला? आपला पैसा भरती झालेल्या पोरावर लागतो. बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये आला, सियाचीनला राहिला. स्टीपलचेस तो फौजेतच शिकला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य, २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण!

भरतीसाठी हा खर्च व्यर्थ. जवान घडवण्यासाठी मात्र सार्थकी.