मामा, कुठला गुरामी आणू?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा तो फक्त दोन कारणांसाठी फोन करतो, क्रिकेट आणि मासे. या वेळी मासे. "मामा, चारातला तिसरापण गेला. पाणी बदललं, औषध टाकलं, फिल्टर धुतला. माझं काय चुकलं?"

ताईच्या घरी गेलेल्यांनी त्याची टाकी पाहिली असेलच. तीन फूट लांब, साधारण शंभर लिटर पाणी, मागे व्हॅलिसनेरियाची उंच पाती, पुढे खाली पसरणारं काहीतरी हिरवं, दहाबारा निऑन टेट्रा. छान लावली आहे पोरानं. त्यात त्याने चार ड्वार्फ गुरामी आणून सोडले, चारही नर, कारण रंग नरालाच असतो. महिनाभरात उरला एक.

मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. आणि नेहमीच्या सवयीप्रमाणे उत्तर शोधता शोधता दोनशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो. असो. आता वाचाच.

सुरुवात फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरपासून करावी लागते. (पुढे आईकडची इस्टेट मिळाल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतलं, म्हणून पुस्तकांत तो कधी बुकॅनन, कधी हॅमिल्टन असा भेटतो.) टिपू पडल्यावर म्हैसूरचा मुलूख पायाखाली घालणारा तोच. १८०७ ते १८१४ या काळात कंपनी सरकारने त्याच्याकडे बंगालच्या पाहणीचं काम दिलं: शेती, देवळं, जाती, कारागिरी, सगळ्याची नोंद. हे करता करता गडी कोळ्यांच्या जाळ्यात डोकावत राहिला. १८२२ साली एडिंबरोहून त्याचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक निघालं. अडीचशेहून जास्त जातींचं वर्णन त्यात आहे.

मला हा माणूस आवडतो तो एका गोष्टीसाठी. नवीन मासा दिसला की बहुतेक साहेब त्याला एखाद्या लॉर्डचं नाव देत. हा बहुतेक वेळा कोळ्यांना विचारायचा, तुम्ही याला काय म्हणता? आणि तेच नाव लॅटिनच्या साच्यात बसवायचा. बाजारात आपण घेतो ते रोहू, कटला, मृगल, तिघांचीही शास्त्रीय नावं त्याच्याच पुस्तकातून आली आणि तिन्ही मुळात देशी. तसेच दोन छोटे मासे, लालियस आणि चुना. बंगालीत या सगळ्या कुळाला खोलिशा म्हणतात. तोच शब्द पुढे फ्रान्सच्या क्युव्हिएने उचलला आणि 'कोलिसा' असं प्रजातीचं नाव केलं. म्हणजे भाच्याने आणलेले ड्वार्फ गुरामी हे बंगालच्या भातखाचरांतले, डबक्यांतले आपले लाल खोलिशा. आणि चुना म्हणजे ज्याला दुकानात हनी गुरामी म्हणतात तो.

एक गंमत. चुनाच्या बाबतीत हॅमिल्टन फसला. विणीच्या काळात नर मधाच्या रंगाचा होतो आणि त्याचा गळा काळाभोर होतो, मादी मात्र फिकट, अंगावर एक तपकिरी पट्टा. त्याने एकाच माशाला दोन जाती समजून चुना आणि सोटा अशी दोन नावं दिली. नवराबायकोची दोन वेगळी घराणी लावून दिली म्हणायची!

यांचा पट्टेवाला मोठा भाऊ त्याआधीच, १८०१ साली, युरोपच्या पुस्तकात गेला होता. तो गेला तरंगंबाडीहून, म्हणजे डेन्मार्कच्या वखारीतून. तिथून जवळच तंजावरला तेव्हा आपले सरफोजीराजे गादीवर होते.

पण मग 'गुरामी' हा शब्द कुठला? तो जावाचा. तिथे गुरामी म्हणजे खायचा मोठा मासा, दोन फुटांच्या वर वाढणारा. फ्रेंचांनी तो अठराव्या शतकात मॉरिशसला नेला, तिथल्या तळ्यांत वाढवला, ताटात वाढला, आणि १८०१ मध्ये लासेपेडने त्याला शास्त्रीय नाव दिलं. युरोपातही हा मासा रुजवावा असं फ्रेंच मंडळींना फार वाटे. पुढे याचे सगळे लहानमोठे नातेवाईक गुरामी झाले. म्हणजे दोन इंचांचा बंगाली आणि दोन फुटांचा जावानीज एकाच नावाने विकला जाऊ लागला. दुकानात "गुरामी द्या" म्हणणं हे "कुलकर्ण्यांना बोलवा" म्हणण्यासारखं आहे. कुठले कुलकर्णी?

आता टाकीकडे वळू. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश, गोगलगायी आणि व्हॅलिसनेरिया (हो, भाच्याच्या टाकीतलीच ती) एकत्र ठेवून दाखवलं की पाणी न बदलता हे चालू शकतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या घराघरांत काचेची टाकी आली. पण मासे थंड पाण्याचेच. उष्ण प्रदेशातला मासा जहाजाच्या डब्यात, हवा मारायची सोय नसताना, महिनोन्महिने टिकणार कसा?

टिकला तो हवा पिणारा. खोलिशा आणि त्याचे भाऊबंद पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतात. कल्ल्यांच्या वर त्यांना घड्याघड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ, म्हणजे चक्रव्यूह म्हणा. उन्हाळ्यात आटलेल्या, कुजलेल्या डबक्यात जगायला निसर्गाने दिलेली सोय समुद्रप्रवासाला कामी आली. १८६९ मध्ये चीनहून निघालेले पॅराडाइज फिश पॅरिसला पिएर कार्बोनिए या माणसाकडे पोहोचले. त्याने त्यांची वीण घेतली, नर तोंडाने बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि पिल्लं तोच सांभाळतो हे पाहिलं. काही वर्षांत गंगेतले खोलिशाही त्याच्याकडे आले. त्याने त्यांना नाव दिलं इंद्रधनुष्य मासा. आणि १८७५ च्या सुमारास त्यांच्या घरट्याबद्दलही लिहिलं.

हे वाचताना मला भाच्याच्या टाकीचं अर्धं उत्तर मिळालं. ज्या घरट्याचं कार्बोनिएला कौतुक, तेच भांडणाचं मूळ. नर घरटं बांधतो म्हणजे जागा धरतो. ड्वार्फ गुरामी तर त्यात पानांचे, मुळांचे तुकडे विणतो, एकदम पक्कं बांधकाम. तीन फुटांत चार नर म्हणजे एका खोलीत चार घरमालक. पहिला मासा त्यातच गेला असणार. भाचाही म्हणाला, "एक सारखा कोपऱ्यात असायचा."

उरलेल्या दोघांचं मात्र तेवढ्याने भागत नाही. खाणं सोडलं, रंग काळवंडला, पोट फुगलं. इथे गोष्ट जरा वाईट वळणाने जाते. दुकानातला ड्वार्फ गुरामी आज बहुतेक वेळा बंगालच्या पाण्यातला नसतो, तो आग्नेय आशियातल्या शेततळ्यांतला असतो. लाल, निळे असे भडक वाण काढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दाटीत वाढवलेला. त्याच्यात एक इरिडोव्हायरस पसरला. २००३ साली ऑस्ट्रेलियात मरे कॉड नावाचे मासे शेतीत पटापट मेले, तेव्हा शोध घेत मंडळी याच विषाणूपाशी पोहोचली, आणि सिडनीच्या दुकानांतले गुरामी तपासले तर साधारण पाचात एक बाधित निघाला. यावर औषध नाही. भाच्याच्या माशांना तेच झालं हे मी छातीठोक सांगत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. पण त्याने फिल्टर धुतला नसता तरी ते वाचले असते असं मला वाटत नाही, आणि हे त्याला सांगणं मला गरजेचं वाटलं. पोरगं स्वतःला दोष देत बसलं होतं.

मग आणायचं काय? माझं मत चुना. दोन इंचांचा, शांत, भडक नाही. दुकानात तर फिकुटलेलाच दिसतो, घरी झाडांत रुळला की रंग उघडतो. चारपाच आण, नर कमी, माद्या जास्त. वर तरंगणारी झाडं हवीत, घरट्याला आधार आणि दुबळ्याला आडोसा. पाण्याचा झोत मंद ठेव, आणि टाकीला झाकण हवंच, म्हणजे वरची हवा उबदार राहते. टायगर बार्ब अजिबात नको, गुरामीच्या त्या लांब मिशांसारख्या पंखांना ते टोचत बसतात. टाकी चार फुटांची असती तर मी मोत्या गुरामी सांगितला असता, पाच इंच होतो पण स्वभावाने सज्जन. निळा आणि सोनेरी म्हणून मिळतो तो तीन ठिपक्यांचा, सहा इंच आणि तापट. किसिंग गुरामी लहानपणी गोड दिसतो आणि फूटभर वाढतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक, जुनी पुस्तकं जपून वाचायची. पूर्वी मोत्या आणि तीन ठिपकेवाल्याला ट्रायकोगॅस्टर म्हणत आणि छोट्यांना कोलिसा. आता छोटेच ट्रायकोगॅस्टर झाले, मोठे ट्रायकोपोडस. माझ्याकडच्या पुस्तकात "ट्रायकोगॅस्टरला मोठी टाकी लागते" असं छापलंय. तेव्हा ते बरोबर होतं. आणि या फेरफारात खोलिशावरून आलेलं कोलिसा हे नाव मात्र पुसलं गेलं, याचं मला उगाच वाईट वाटतं. लालियस आणि चुना तेवढे उरले.

काल भाच्याला हे सगळं सांगितलं. हॅमिल्टनपासून. त्याने शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे चुना. पण मामा, जो एक उरलाय त्याचं काय करू?"

मी म्हटलं, तो असेपर्यंत नवीन काही आणू नकोस. त्याला टाकी राहू दे.

"बरं," म्हणाला. "तो आजकाल घरटं बांधतोय."

:)