ब्राउझरला प्रॉक्सी कशी लावायची, कशी काढायची आणि कुणाची लावू नये

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. जमिनीच्या कामाला स्वतः जाता येत नसेल तर आपण मुखत्यारपत्र करून देतो. निकाहात वकील मुलीची संमती घेऊन काझींकडे येतो. तसंच इंटरनेटवर आपल्या कॉम्प्युटरच्या वतीने दुसरा एक कॉम्प्युटर वेबसाइटकडे जातो, पान मागतो आणि आपल्याला आणून देतो. या मधल्या कॉम्प्युटरला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. वेबसाइटला आपला पत्ता दिसत नाही, मुखत्याराचा दिसतो. मुखत्यार प्रामाणिक असेल तर काम सोपं होतं. नसेल तर काय होतं, हे ज्यांच्या घरात जमिनीचा वाद आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

निरवांगी, निमसाखर, निमगाव केतकी या आमच्या भागातली पोरं बारावीनंतर इंदापूर, बारामती किंवा पुण्याला शिकायला जातात. काही कॉलेजांत आणि होस्टेलवर लॅपटॉपला आधी प्रॉक्सी लावल्याशिवाय नेट चालत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत बरीच वर्षं विद्यार्थ्यांना ब्राउझरमध्ये ‘नेटमॉन’ नावाच्या प्रॉक्सीचा पत्ता भरूनच बाहेरच्या वेबसाइट पाहाव्या लागत. संस्था असं करतात त्याची कारणं साधी आहेत. एकाच लाइनवर शेकडो मुलं असतात, कोण किती वापरतो त्याची नोंद ठेवायची असते, नको त्या साइट बंद ठेवायच्या असतात, आणि तेच पान शंभर मुलांनी मागितलं तर एकदाच बाहेरून आणून साठवून ठेवता येतं. ही युक्ती वेबइतकीच जुनी आहे. वेबचा जन्म झाला त्या जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतच १९९४ च्या सुमारास वेब प्रॉक्सी आली. आजही अनेक कॉलेजांत वापरलं जाणारं ‘स्क्विड’ हे फुकट सॉफ्टवेअर १९९६ चं आहे.

लावण्याआधी हातात काय हवं

दोन गोष्टी हव्यात, पत्ता आणि पोर्ट. पत्ता आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, किंवा नावाचा असतो. पोर्ट म्हणजे त्या इमारतीतला खिडकी नंबर. स्क्विडचा मूळ पोर्ट ३१२८, काही ठिकाणी ८०८०, आणि ‘सॉक्स’ प्रकारच्या प्रॉक्सीचा बहुधा १०८०. दोन्ही गोष्टी कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाकडून लिहून घ्याव्यात, अंदाजाने भरू नयेत. काही संस्था पत्ता-पोर्टऐवजी एका स्क्रिप्टचा पत्ता देतात. ती स्क्रिप्ट ब्राउझरला सांगते की कुठल्या साइटला प्रॉक्सीने जायचं आणि कुठल्या साइटला थेट. नाव आणि पासवर्डही दिलेला असेल तर तो सेटिंगमध्ये भरायचा नसतो. पहिलं पान उघडताना ब्राउझर स्वतः विचारतो. पासवर्ड चुकला की ४०७ नंबरची एरर येते, ती पाहून घाबरायचं कारण नाही.

एक बारीक गोष्ट: फोनचा किंवा लॅपटॉपचा कीबोर्ड मराठी-उर्दूवर असेल तर आकडे देवनागरी किंवा उर्दू पडतात आणि पत्ता चालत नाही. इंग्रजी कीबोर्ड करूनच भरा.

क्रोम आणि एज

या दोघांना विंडोजमध्ये स्वतःची प्रॉक्सी सेटिंग नसते, ते विंडोजचीच वापरतात. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर जाऊन सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे कॉम्प्युटरची प्रॉक्सी सेटिंग उघडण्याची ओळ दिसते. तिच्यावर क्लिक केलं की विंडोजचंच पान उघडतं. थेट जायचं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. खाली ‘मॅन्युअल प्रॉक्सी सेटअप’ आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेट अप’चं बटण दाबावं लागतं, विंडोज १० मध्ये रकाने समोरच असतात. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू करायचं, पत्ता आणि पोर्ट भरायचा, स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये या चौकटीत टिक करायची आणि सेव्ह. सेव्ह न करता पान बंद करणारे फार, म्हणून मुद्दाम सांगतो. स्क्रिप्ट दिली असेल तर ती वरच्या ‘ऑटोमॅटिक’ भागात ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’मध्ये टाकायची.

ही सेटिंग एकट्या ब्राउझरची नाही, विंडोज वापरणाऱ्या इतर अनेक प्रोग्रॅमनाही लागू होते.

फायरफॉक्स

फायरफॉक्सचं वेगळं आहे. त्याची सेटिंग त्याच्यापुरती ठेवता येते, आणि आमच्या मते होस्टेलच्या मुलांना हाच मार्ग सोयीचा. कॉलेजसाठी फायरफॉक्स आणि घरासाठी क्रोम असं वाटून टाकलं की रोजची उघडझाप वाचते. वरच्या तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल, आणि अगदी तळाशी नेटवर्क सेटिंग्ज. तिथल्या बटणावर पाच पर्याय येतात: प्रॉक्सी नको, आपोआप शोध, सिस्टिमची वापर, हाताने भर आणि स्क्रिप्टचा पत्ता. मूळ निवड ‘सिस्टिमची वापर’ ही असते. ‘मॅन्युअल’ निवडून एचटीटीपी प्रॉक्सीत पत्ता आणि पोर्ट भरा आणि त्याखालच्या ‘हीच एचटीटीपीएसलाही’ या चौकटीत टिक करा. ही टिक राहिली तर आजच्या बहुतेक साइट प्रॉक्सीने जाणारच नाहीत, कारण त्या सगळ्या एचटीटीपीएसवर आहेत. सॉक्स प्रॉक्सी दिली असेल तर ती खालच्या रकान्यात भरा आणि एचटीटीपीचा रकाना रिकामा ठेवा.

अँड्रॉइड फोन

वायफायच्या यादीत त्या नेटवर्कच्या नावाजवळच्या चक्रावर किंवा पेन्सिलीवर जा, ‘अॅडव्हान्स्ड’ उघडा, प्रॉक्सी ‘मॅन्युअल’ करा. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात. ही सेटिंग फक्त त्या एका वायफायपुरती असते. मोबाइल डेटावर आलात की तिचा संबंध संपतो. काही अॅप ही सेटिंग जुमानत नाहीत, त्यामुळे ब्राउझर चालतो आणि अॅप चालत नाही असं होऊ शकतं.

घरी आल्यावर नेट का बंद पडतं

आमच्याकडे सर्वात जास्त विचारणा याचीच असते. पोरगा ईदला घरी येतो, मोबाइलचं हॉटस्पॉट लावतो, वायफायची खूण पूर्ण दिसते आणि ब्राउझर एकही पान उघडत नाही. क्रोम म्हणतो इंटरनेट नाही, प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड आहे किंवा पत्ता चुकला आहे. फायरफॉक्स म्हणतो प्रॉक्सी सर्व्हर कनेक्शन नाकारतो आहे. अब्बांच्या फोनवर त्याच वेळी सगळं चालू असतं. मग रेंजला दोष, कंपनीला दोष, आणि शेवटी लॅपटॉप इंदापूरला दुकानात. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिल्याचे आणि त्यात मुलाचा प्रोजेक्ट गेल्याचे प्रकार झालेले आहेत.

कारण एवढंच की १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता हा संस्थेच्या आवारातला खासगी पत्ता असतो. बाहेरच्या जगात त्याला अर्थ नाही. लॅपटॉप निरवांगीत बसून बारामतीच्या इमारतीतला मुखत्यार शोधतो आहे. तो सापडणार कसा? वर सांगितलेल्या त्याच पानावर जाऊन ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद करा, फायरफॉक्समध्ये ‘नो प्रॉक्सी’ करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. भरलेला पत्ता पुसायची गरज नाही, सुट्टी संपल्यावर पुन्हा चालू करता येतो.

ज्याने कधीच प्रॉक्सी लावली नाही त्याच्या लॅपटॉपवर अशी एरर आली तर मामला वेगळा. तिथे पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ आणि एखादा विचित्र पोर्ट दिसतो का पाहा. १२७.०.०.१ म्हणजे तोच कॉम्प्युटर. म्हणजे आपल्याच मशीनमध्ये बसलेला कुठला तरी प्रोग्रॅम सगळी ये-जा आपल्या हातून घालवत होता. काही अँटिव्हायरस आणि फिल्टर असं रीतसर करतात, पण फुकट गेम किंवा क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर आलेला व्हायरसही हेच करतो. व्हायरस काढला तरी सेटिंग मागे राहते आणि नेट बंद पडतं. सेटिंग बंद करा, स्कॅन करा, रिस्टार्ट करा आणि पुन्हा पाहा. सेटिंग परत आपोआप चालू झाली तर तो प्रोग्रॅम अजून आत आहे. त्या मशीनवर बँकेचं आणि आधारचं काम तोवर करू नका.

शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला या गोष्टी अंगावर येतात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचा फॉर्म रात्री अकराला उघडत नाही तेव्हा पोर्टलला शिव्या देण्याआधी प्रॉक्सीचं पान एकदा बघा.

मुखत्यार कुणाचा?

आता खरा मुद्दा. कॉलेजची प्रॉक्सी कुणाची आहे हे आपल्याला माहीत असतं. नेटवर ‘फ्री प्रॉक्सी’ म्हणून शोधल्यावर जे पत्ते मिळतात ते कुणाचे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. बंद केलेली साइट उघडायला, परीक्षेचा निकाल लवकर दिसेल म्हणून, किंवा कुणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणून पोरं ते लावतात.

प्रॉक्सी चालवणाऱ्याला काय दिसतं हे नीट समजून घेतलं पाहिजे. साइट साध्या एचटीटीपीवर असेल तर सगळंच दिसतं, भरलेला मजकूरसुद्धा. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर प्रॉक्सीकडून फक्त रस्ता मागतो आणि आत बोलणं कुलूप लावून होतं. प्रॉक्सीवाल्याला साइटचं नाव कळतं, आतला पासवर्ड कळत नाही. पण या कुलपाला दोन चोरवाटा आहेत. एक, प्रॉक्सीवाल्याने ‘हे सर्टिफिकेट टाकून घ्या’ म्हटलं आणि आपण टाकलं, की किल्ली त्याच्याही हातात गेली. कॉलेजने किंवा कंपनीने स्वतःच्या मशीनवर ते केलं तर समजू शकतो, अनोळख्याने सांगितलेलं सर्टिफिकेट कधीही टाकू नये. दुसरी वाट जास्त वापरात आहे. काही वेबसाइटवर एक रकाना असतो, त्यात हव्या त्या साइटचा पत्ता टाकला की ती तिथेच उघडते. इथे कुलूप तुमच्यात आणि त्या प्रॉक्सी साइटमध्ये आहे. खऱ्या साइटशी बोलतो तो प्रॉक्सीवाला. म्हणजे तिथे टाकलेला पासवर्ड, ओटीपी, आधार नंबर आधी त्याच्या हातात पडतो. ब्राउझरमध्ये टाकायच्या फुकट प्रॉक्सी एक्स्टेन्शनचंही तसंच. ‘सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी मागितली की समजून जा.

याहून मोठी गोष्ट २०१५ मध्ये उघड झाली. ‘होला’ नावाची फुकट सेवा लाखो लोक वापरत होते. ती कंपनी फुकट वापरणाऱ्यांचंच कनेक्शन इतर गिऱ्हाइकांना पैसे घेऊन देत होती. म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा मुखत्यार वापरत होता आणि त्याच वेळी तुमचं घर तिसऱ्याच कुणाचं मुखत्यार झालं होतं. त्या तिसऱ्याने काही गुन्हा केला तर नोंदीत पत्ता कुणाचा दिसणार? तुमच्या घरच्या कनेक्शनचा. चौकशी आधी त्या दाराशी येते, खुलासा नंतर होतो. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना खुलाशाआधीची ती मुदत किती महाग पडू शकते हे वाचकांना माहीत आहे. इंटरनेट वाटून पैसे कमवा म्हणणारी अॅप आजही आहेत. तीही याच जातीची.

व्हीपीएन आणि प्रॉक्सी एक नाही. प्रॉक्सी साधारणतः ब्राउझरपुरती असते आणि स्वतःहून काही कुलूप लावत नाही. व्हीपीएन पूर्ण मशीनची ये-जा कुलूपबंद करून नेतं. पण तिथेही मुखत्यार आहेच. शिवाय भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं ठेवायचे आहेत. त्यामुळे ‘कुणाला कळत नाही’ ही समजूत सोडून द्यावी.

आखातात नातेवाईक असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. दुबईतल्या भावाला व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून इथून प्रॉक्सी किंवा व्हीपीएन सुचवू नका. संयुक्त अरब अमिरातीत दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरून गुन्हा करणे किंवा तो लपवणे याला पाच लाख ते वीस लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. तिथे परवानगी असलेली कॉलिंग अॅप आहेत, ती वापरावीत.

आणि तणावाच्या दिवसांत जिल्ह्यात नेट बंद होतं तेव्हा ‘ही प्रॉक्सी टाका, चालेल’ असे मेसेज फिरतात. नेटच बंद असेल तर प्रॉक्सीपर्यंत पोहोचायला रस्ताच नाही, ती चालणार कशी? व्हॉट्सअॅपने जानेवारी २०२३ पासून प्रॉक्सीची सोय दिली आहे. नेट चालू पण फक्त व्हॉट्सअॅप अडवलेलं असेल तिथे ती कामाला येते. तो मेसेज पुढे पाठवू नका, त्यातल्या लिंकवर तर जाऊच नका.

अनोळखी प्रॉक्सीवरून बँक किंवा आधारचं काम आधीच झालं असेल तर प्रॉक्सी बंद करून, शक्यतो दुसऱ्या फोनवरून, पासवर्ड बदला. आधारचं बायोमेट्रिक एम-आधार अॅपमधून लॉक करता येतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार नोंदवताना प्रॉक्सीच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ असू द्या, म्हणजे पत्ता आणि पोर्ट पुसण्याआधी तो काढून ठेवा.