किंग्ज क्रॉसचा सरकता जिना

मेणबत्ती उभी धरा, तिरकी धरा, ज्योत आपली वरच जाते. उष्णतेने हवा प्रसरण पावते, हलकी होते, वर चढते. म्हणून ज्योत वर जाते. हे आपण वर्गात शिकवतो आणि ते खरेही आहे. परंतु १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लंडनमधील किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वे स्थानकात एक ज्योत वर गेली नाही. ती एका जिन्याच्या पायऱ्यांवर आडवी झोपली आणि पायऱ्यांना चिकटून धावत गेली. त्या आगीत ३१ माणसे दगावली. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी विज्ञानाबरोबर त्या स्थानकाचा इतिहासही पाहावा लागतो. कारण आग ज्या आकाराच्या जागेत लागली, तो आकार सव्वाशे वर्षांत थोडा थोडा करून घडला होता.

थरावर थर

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट असा सुमारे सहा किलोमीटरचा हा मार्ग होता आणि किंग्ज क्रॉस हे त्यावरील मूळ स्थानकांपैकी एक. मार्ग बांधण्याची रीत सोपी होती. रस्ता खणायचा, खंदकात रूळ टाकायचे, वर विटांची कमान बांधून पुन्हा रस्ता करायचा. त्यामुळे हा मार्ग जमिनीखाली फार खोल नव्हता. गाड्या वाफेच्या इंजिनांच्या होत्या. भुयारात धूर कोंडे, म्हणून जागोजागी तो बाहेर सोडण्यासाठी उघड्या जागा ठेवाव्या लागत.

विजेची गाडी आल्यावर धुराचा प्रश्न सुटला आणि खोल जाणे शक्य झाले. लंडनखालच्या चिकणमातीत लोखंडी ढालीच्या आडोशाने भोक पाडत पुढे जायचे आणि मागे लोखंडी कड्या बसवत नळी तयार करायची, अशी नवी पद्धत आली. ही नळी जेमतेम साडेतीन मीटर व्यासाची. म्हणूनच लंडनकर आजही आपल्या भुयारी रेल्वेला ‘ट्यूब’ म्हणतात. अशी एक नळी डिसेंबर १९०६ मध्ये किंग्ज क्रॉसला आली, तिला पुढे पिकॅडिली लाइन म्हणू लागले. दुसरी १९०७ मध्ये आली, ती आजची नॉर्दर्न लाइन. प्रवाशांना खालीवर नेण्यासाठी सुरुवातीला लिफ्ट होत्या.

लिफ्टसाठी थांबावे लागते, सरकता जिना मात्र अखंड चालतो. लंडनच्या भुयारी रेल्वेतला पहिला सरकता जिना १९११ मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात बसला. किंग्ज क्रॉसला असे जिने १९३९ मध्ये आले. मुख्य रेल्वे स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेखाली तिकिटांसाठी एक गोल दालन बांधले गेले आणि तिथून पिकॅडिली लाइनकडे शेजारी शेजारी तीन जिने उतरले. त्यांच्या पायऱ्या आणि कडेच्या फळ्या लाकडी होत्या. १९६८ मध्ये व्हिक्टोरिया लाइन आली, तिचे जिनेही याच दालनात येऊन मिळाले.

आता या स्थानकाचा आडवा छेद फळ्यावर काढून पाहू या. सर्वांत वर रस्ता. त्याखाली तिकिटांचे दालन. उथळ पातळीवर १८६३ च्या मार्गाचे फलाट, जे १९४१ मध्ये थोडे पश्चिमेला हलवले गेले. त्याखाली पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया, आणि सर्वांत खाली नॉर्दर्न. पुरातत्त्वाच्या उत्खननात जसे थर दिसतात, तसे हे थर. फरक एवढाच की उत्खननात जुना थर खाली असतो, इथे जुना वर आहे. आकृती पूर्ण झाली की मुलांना विचारा, खोलवरच्या तिन्ही मार्गांवरील प्रवासी बाहेर कसे पडणार? उत्तर एकच येईल: जवळजवळ सगळे त्या गोल दालनातून. प्रत्येक पिढीने नवा मार्ग जोडला, पण बाटलीची मान तीच राहिली.

एक काडी

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका प्रवाशाला पिकॅडिली लाइनच्या जिन्याखाली विस्तव दिसला. भुयारी गाड्यांत १९८४ पासून आणि भुयारी स्थानकांत १९८५ पासून धूम्रपानास बंदी होती. पण बाहेर पडता पडता जिन्यावरच सिगारेट पेटवायची अनेकांची सवय गेली नव्हती. पायरी आणि कडेची फळी यांच्यामधील फटीतून पेटती काडी खाली पडली, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला.

खाली काय होते? जिन्याची चाके ज्या पट्ट्यांवरून फिरतात, त्यांवर वंगण होते. नुसते वंगण काडीने सहजी पेटत नाही. पण त्यात वर्षानुवर्षे कागदाचे कपटे, कपड्यांचे तंतू, केस, धूळ मिसळत गेली होती. निरांजनातले तूप काडी लावून पेटत नाही, वात घातली की पेटते. तेच इथे झाले. कचऱ्याने वातीचे काम केले. तपास करणाऱ्यांना कडेच्या फळ्यांवर जळल्याच्या जुन्या खुणाही सापडल्या. म्हणजे आग यापूर्वीही लागली होती आणि आपोआप विझली होती.

अशा लहान आगींना रेल्वेचे लोक ‘आग’ म्हणत नसत, ‘धुमसणे’ म्हणत. चौकशी अहवालाने या शब्दावर नेमके बोट ठेवले. आगीला आग म्हटले की तिची दखल घ्यावी लागते. धुमसणे म्हटले की ते रोजचेच होते. जिन्याखाली पाण्याचे फवारे सोडण्याची सोय होती, पण त्या दिवशी ती वापरली गेली नाही.

अग्निशामक दलाचे जवान ७ वाजून ४० मिनिटांनंतर पोचले, तेव्हा आग एखादे मोठे पुठ्ठ्याचे खोके जळावे एवढीच दिसत होती. पिकॅडिली लाइनचा जिना वापरता येत नव्हता, म्हणून पोलिसांनी प्रवाशांना व्हिक्टोरिया लाइनच्या जिन्याने वर पाठवायला सुरुवात केली. निर्णय चुकीचा वाटत नाही. आग एका जिन्यावर, माणसे दुसऱ्यावर. पण आपली आकृती आठवा. दोन्ही जिने एकाच दालनात उघडत होते. आणखी एक वाट दुसऱ्या रेल्वेच्या फलाटांकडे जात होती, परंतु तिचे जाळीचे दार कुलूपबंद होते.

७ वाजून ४५ मिनिटांनी जिन्याच्या तोंडातून ज्वाळांचा झोत दालनात शिरला आणि क्षणात सारे दालन पेटले. दाट काळ्या धुरात दारे दिसेनाशी झाली. मृतांमध्ये अग्निशामक दलाचे अधिकारी कॉलिन टाउन्सली हेही होते.

ज्योत आडवी का झाली?

चौकशीचे काम डेस्मंड फेनेल या विधिज्ञांकडे सोपवण्यात आले. त्यांच्यापुढील सर्वांत अवघड प्रश्न हा होता: खोक्याएवढी आग दोन-तीन मिनिटांत एवढी कशी वाढली? छतावर रंगाचे अनेक थर होते, त्यांनी पेट घेतला का? भुयारात येणाऱ्या गाड्या पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे हवा पुढे ढकलतात, त्या वाऱ्याने आग भडकली का?

हार्वेल येथील संशोधकांनी जिना आणि दालन यांचे संगणकावर गणिती प्रारूप तयार केले. जागेचे लहान लहान घन कल्पून प्रत्येकातील हवेचा वेग, तापमान आणि दाब यांची समीकरणे सोडवायची, अशी ही पद्धत. उत्तर विचित्र आले. गरम वायू छताकडे न जाता जिन्याच्या तळाला चिकटून वर सरकत होते. गणितातच काही चूक असावी, असे अनेकांना वाटले. मग बक्स्टन येथे जिन्याची एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती बांधून ती प्रत्यक्ष पेटवण्यात आली. सुमारे साडेसात मिनिटे आग नेहमीसारखी जळत राहिली. नंतर ज्वाळा पायऱ्यांवर झोपल्या आणि प्रतिकृतीच्या दालनात अग्नीचा झोत शिरला. संगणक बरोबर होता.

कारण असे. उघड्यावरच्या आगीत गरम वायू वर जातात आणि त्यांची जागा घ्यायला चारही बाजूंनी हवा आत ओढली जाते. ओढ सगळीकडून सारखी, म्हणून ज्योत उभी. आता तीच आग भिंतीलगत आणा. भिंतीच्या बाजूने हवा येऊ शकत नाही. समोरून येणारी हवा ज्योतीला भिंतीकडे ढकलते आणि ज्योत भिंतीला टेकते.

सरकता जिना म्हणजे ३० अंशांनी कललेला एक चर. तळाशी पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंच कडा. उघड्या उतारावर पेटलेल्या आगीला बाजूंनी हवा मिळते, ती ज्योतीच्या आणि उताराच्या मधे शिरते आणि ज्योत उचलली जाते. चराच्या कडा हीच हवा अडवतात. खालून येणारी हवा मात्र आगीला वरच्या पायऱ्यांकडे रेटत राहते. ज्योत तळाला चिकटते. मग तिच्या पुढच्या लाकडी पायऱ्या तापतात, तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात, ते पेटतात, प्रवाहाचा वेग वाढतो आणि आणखी पायऱ्या तापतात. परिणामच पुन्हा कारण बनतो. या घटनेला शास्त्रज्ञांनी ‘ट्रेंच इफेक्ट’, म्हणजे चराचा परिणाम, असे नाव दिले. उतार फार कमी असेल तर ज्योत उभीच राहते. चढ पुरेसा असेल तरच ती झोपते. डोंगरातल्या घळीतून वणवा झपाट्याने वर चढतो, त्यामागेही असाच हवेचा खेळ असतो.

प्रवाही पदार्थांच्या गणिताशी रोजचा संबंध असलेल्या माझ्यासारख्याला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यातले एकही तत्त्व नवे नव्हते. उष्ण वायू वर जातो, प्रवाह पृष्ठभागाला चिकटतो, तापलेले लाकूड वायू सोडते, हे सारे ठाऊक होते. ही तत्त्वे या विशिष्ट आकारात एकत्र आल्यावर काय होईल, हे मात्र कोणी तपासून पाहिले नव्हते. जिना पन्नास वर्षे रोज डोळ्यांसमोर होता.

त्यानंतर

फेनेल यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये भुयारी स्थानकांसाठी अग्निसुरक्षेचे स्वतंत्र नियम झाले. लाकडी सरकते जिने काढले जाऊ लागले. लंडनच्या या रेल्वेवरील शेवटचा लाकडी जिना ग्रीनफर्ड स्थानकातून २०१४ मध्ये गेला. किंग्ज क्रॉसमधील अरुंद मान मोकळी व्हायला याहून मोठे काम लागले. पश्चिमेकडील नवे दालन २००६ मध्ये आणि उत्तरेकडील २००९ मध्ये उघडले. मृतांपैकी एका माणसाची ओळख तर २००४ पर्यंत पटली नव्हती. सोळा वर्षे तो केवळ एक क्रमांक होता.

भुयारी रेल्वे आता आपल्याकडेही दूरची राहिलेली नाही. कोलकात्यात ती १९८४ मध्ये आली. मुंबईच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा आणि पुण्यात स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग, दोन्ही २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे सहल नेलीत तर धातूचे जिने, धूर ओढून घेणारी यंत्रणा आणि बाहेर पडण्याच्या एकाहून अधिक वाटा मुलांना शोधायला सांगा. यातल्या अनेक गोष्टींमागे किंग्ज क्रॉससारख्या दुर्घटनांतून मिळालेले धडे आहेत.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. दोन्ही शिक्षकांनी स्वतः, पाण्याची बादली जवळ ठेवून करावेत. एक: जळती काडी चिमट्यात धरून आधी पेटते टोक वर, मग आडवे, मग खाली ठेवा. टोक खाली असताना काडी सर्वांत वेगाने का जळते, हे मुलांना सांगू द्या. दोन: गोल बाटलीमागे मेणबत्ती लावा आणि पुढून बाटलीवर फुंकर मारा. ज्योत विझते, कारण हवेचा प्रवाह बाटलीच्या वळणाला चिकटून मागे जातो.

तिसऱ्या कामाला आग लागत नाही. मुलांना आपल्या शाळेचा नकाशा काढायला सांगा. खोल्या कधी वाढवल्या, मजला कधी चढवला, ते वर्षांसह लिहू द्या. मग प्रत्येक वर्गातून फाटकापर्यंतची वाट रंगीत पेन्सिलीने काढा आणि सगळ्या रेघा कुठे एकत्र येतात ते पाहा. तिथला जिना किती रुंद आहे, त्याखाली मोडकी बाके आणि जुनी रद्दी भरली आहे का, आणि मागच्या दाराला कुलूप आहे का, एवढे नोंदवून ते पान मुख्याध्यापकांकडे द्या.