देशमुख : एक आडनाव, अनेक कुळे

आमच्या ज्ञातीत देशमुखांची घरे पुष्कळ. त्यामुळे या आडनावाचा प्रत्येक थोर पुरुष आपलाच, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु देशमुख हे मुळात आडनाव नव्हे. परगण्याचा वसूल व बंदोबस्त पाहणाऱ्या वतनदाराचा तो हुद्दा. वतन नाना जातींत होते, म्हणून नावही नाना जातींत राहिले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे मूळ आडनाव सिद्धये.

डॉ. गोपाळराव देशमुख हे मुंबईचे नामांकित शल्यवैद्य. ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत पुत्राइतका हिस्सा देणारा १९३७ चा कायदा त्यांच्याच खटपटीने झाला. तो हक्क हयातीपुरताच होता. १९५६ च्या वारसा कायद्याने तो पूर्ण झाला. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. विदर्भाचे डॉ. पंजाबराव केंद्रात कृषिमंत्री झाले. त्यांची डॉक्टर ही पदवी मात्र वैद्यकाची नव्हे, वेदवाङ्मयाच्या अभ्यासाची.

यांपैकी कोण आमच्या वंशवेलीत बसतो, हा प्रश्न गौण होय. आमच्या विधवा काकूंचे नाव सातबाऱ्यावर चढावयास अकरा वर्षे गेली. अडविणारे परके नव्हते, आम्हीच होतो. गोपाळरावांचे आडनाव आम्ही अभिमानाने लावीत होतो आणि त्यांचा कायदा मात्र दाराबाहेर ठेवीत होतो. ज्ञातिबांधवांनी आपापला उतारा एकदा काढून पाहावा, एवढीच विनंती.