हेब्बाळ, बीदर आणि पशुवैद्याचे कर्ज

बंगळुरूच्या मराठी वाचकांना हेब्बाळ विमानतळाच्या वाटेवरील उड्डाणपुलामुळे परिचित असते. प्रशासनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. म्हैसूर संस्थानाने १९२५ साली बुळकांडीच्या प्रतिबंधासाठी बंगळुरूत सीरम संस्था स्थापिली. १९५८ साली हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आले. भारतातील बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ ची. तो रोग गेला तो केवळ लशीच्या कुपीने नव्हे. ती कुपी बर्फात घालून गावोगाव पोहोचविणाऱ्या माणसांमुळे गेला.

ही माणसे खेड्यात टिकवावयाची कशी, हा जुना पेच आहे. कर्नाटकाने २००४ साली पशुवैद्यकीय विद्यापीठासाठी राजधानी सोडून बीदर निवडले. देवणी गोवंशाचा, मराठी कानी पडणारा हा सीमाभाग. पलीकडे लातूर जिल्ह्यात उदगीरचे महाविद्यालय आहेच. निर्णय स्तुत्य होता. परंतु विद्यापीठ सीमेवर नेल्याने पदवीधर तेथेच स्थिरावतो, असे मात्र नाही. खासगी व्यवसाय करू पाहणाऱ्यास शहरातील श्वान-मार्जारांचा दवाखाना अधिक मिळकत देतो, आणि कर्जाचा हप्ता गाव पाहून कमी होत नाही.

भारतीय बँक संघाची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ ची. पुढे २००९ साली केंद्राने व्याज-अनुदान दिले, तेही शिक्षणकाळ व त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीपुरते. निकष होता कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असण्याचा. पदवीनंतर सेवा कोठे केली, हा प्रश्न त्या योजनेने विचारलाच नाही! अमेरिकेने नेमका तोच विचारला. तेथील २००३ च्या कायद्यान्वये २०१० पासून, टंचाईच्या भागात तीन वर्षे सेवा देणाऱ्या पशुवैद्याचे वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतचे कर्ज सरकार फेडू लागले. (कायदा होऊनही अंमलास सात वर्षे लागली, विलंब ही आपलीच मिरासदारी नव्हे.)

माणसांच्या डॉक्टरांबाबत कर्नाटकाने २०१२ साली सक्तीच्या सेवेचा कायदा केला. सक्तीने पद भरते, पण मुदत सरताच ते पुन्हा रिकामे होते. पशुवैद्यांसाठी मला कर्जमाफीचा मार्ग अधिक रास्त वाटतो. मात्र माफी वर्षागणिक, सेवा झाल्यावर मिळावी, आणि दवाखान्यात शीतकपाट व मदतनीस आधी असावा. मध्यरात्री अडलेल्या गाईजवळ एकट्याने उभे राहणाऱ्यास कर्जमाफीचे पत्र कामास येत नाही.