हसरा कॅप्टन आणि विजेचा शब्द : खेळकर सुपरहिरोची ऐंशी वर्षे

१/ सुपरहिरोपटांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : गंभीर, गडद चित्रपट प्रौढांचे आणि हसरे, खेळकर चित्रपट पोरांचे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत सुपरमॅनलाही खपात मागे टाकणारा नायक होता एक हसतमुख, किंचित भाबडा गडी. हा धागा त्याच्याविषयी.

२/ १९३८ साली सुपरमॅन अवतरला आणि त्याच्या यशाने अनेक प्रकाशकांचे डोळे दिपले. फॉसेट पब्लिकेशन्स त्यांपैकीच एक. लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांनी संस्थेसाठी नवा नायक घडवला. फेब्रुवारी १९४० च्या 'व्हिझ कॉमिक्स'मधून तो वाचकांसमोर आला. त्याचे नाव कॅप्टन मार्व्हल.

३/ कथा साधी होती. बिली बॅटसन हा अनाथ मुलगा वर्तमानपत्रे विकतो आणि रात्री भुयारी रेल्वेच्या स्थानकात निजतो. एका रात्री त्याची गाठ एका वृद्ध जादूगाराशी पडते. त्याने दिलेला 'शझॅम' हा शब्द उच्चारताच वीज कडाडते आणि मुलाच्या जागी लाल पोशाखातला धिप्पाड पुरुष उभा राहतो.

४/ या शब्दात सहा नावांची इंग्रजी आद्याक्षरे दडली आहेत : सॉलोमनचे शहाणपण, हर्क्युलिसचे बळ, ॲटलासचा चिवटपणा, झ्यूसचे सामर्थ्य, अकिलीसचे धैर्य आणि मर्क्युरीचा वेग. ज्यू, ग्रीक आणि रोमन परंपरांची ही गमतीदार मोट मुलांना सहज तोंडपाठ होई.

५/ सुपरमॅनशी तुलना केली की या कल्पनेचे मर्म कळते. सुपरमॅन परग्रहावरून आलेला प्रौढ. बालवाचक त्याच्याकडे मान वर करून पाहणार. येथे मूल स्वतःच नायक. महामंदीची झळ सोसलेल्या पिढीसमोर ज्याच्याकडे ना घर, ना माणसे, ना पैसा असा मुलगा उभा होता, आणि त्याच्याजवळ एक शब्द होता.

६/ या कथांचा सूर विनोदी होता. पुढे ऑटो बाइंडर या लेखकाने तो अधिक खुलवला. माणसांसारखे कपडे घालून सभ्यपणे बोलणारा वाघ येथे नायकाचा मित्र होता. १९४३ ते १९४५ या काळात २५ प्रकरणांची एक दीर्घकथा चालली. तिच्यातल्या दुष्टांच्या टोळीचा भयंकर सूत्रधार अखेर कोण निघाला? चष्मा लावणारी एक अळी! बाहेर महायुद्ध पेटलेले असताना मुले हे वाचत होती.

७/ १९४१ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने त्याच्यावर १२ भागांचा चित्रपट काढला. दर आठवड्याला एक भाग चित्रपटगृहात दाखवला जाई. कॉमिकमधील सुपरहिरो जिवंत अभिनेत्याच्या रूपाने पडद्यावर आणणारा हा पहिला चित्रपट मानला जातो. टॉम टायलरने नायक साकारला. उड्डाणाच्या दृश्यांसाठी माणसाहून मोठी बाहुली तारेवरून सरकवली जाई.

८/ यश सलले ते सुपरमॅनच्या मालकांना. नॅशनल, म्हणजे आजच्या डीसीची पूर्वज कंपनी, हिने १९४१ मध्येच नक्कल केल्याचा दावा ठोकला. खटला तब्बल बारा वर्षे रेंगाळला. १९५१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांचा अपिलातील निकाल नॅशनलला अनुकूल लागला. युद्धोत्तर काळात सुपरहिरोंचा खपही घसरला होता. १९५३ मध्ये फॉसेटने ४ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टनला निवृत्त केले.

९/ पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी ओरड अमेरिकेत टिपेला पोहोचली. सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. आता निरुपद्रवी असणे सक्तीचे झाले. खेळकर कॉमिक्स म्हणजे बाळबोध कॉमिक्स, या समजुतीला मोठे बळ मिळाले ते याच काळात. बेक आणि बाइंडर यांचा विनोद मात्र कोणी सक्ती करण्याआधीचा होता.

१०/ आता ब्रिटनकडे वळू. तेथे कॅप्टनच्या कथा पुनर्मुद्रित होत. अमेरिकेतून नवा मजकूर थांबताच १९५४ मध्ये मिक अँग्लो यांनी त्याच धर्तीवर 'मार्व्हलमॅन' उभा केला. त्याचा मंत्र 'किमोटा', म्हणजे 'ॲटॉमिक' हा शब्द ध्वनीने उलटा.

११/ १९८२ मध्ये ॲलन मूर यांनी हाच मार्व्हलमॅन हाती घेतला. शब्द विसरलेला, डोकेदुखीने त्रस्त असा मध्यमवयीन माणूस त्यांनी रंगवला. चार वर्षांनी त्यांचेच 'वॉचमेन' सुरू झाले. म्हणजे ज्या गडद लाटेने सुपरहिरोंना 'प्रौढ' केले, तिचा एक मूळ झरा सर्वांत हसऱ्या नायकाच्या नकलेतून फुटला!

१२/ इकडे १९७२ मध्ये डीसीने, ज्यांनी त्याला संपवले त्यांनीच, कॅप्टनच्या कथांचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. पण १९६७ पासून मार्व्हल कॉमिक्सकडे त्याच नावाचा वेगळा नायक होता. त्यामुळे १९७३ च्या नव्या मासिकाला 'शझॅम!' हे नाव द्यावे लागले.

१३/ २०१९ च्या मार्चमध्ये मार्व्हलचा 'कॅप्टन मार्व्हल' आणि एप्रिलमध्ये 'शझॅम!' असे दोन्ही नामबंधू पडद्यावर आले. 'शझॅम!'चे दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग हे भयपटांसाठी ओळखले जात. प्रौढ देहात अडकलेला पोरगा आपल्या शक्ती तपासून पाहतो, तेव्हा प्रेक्षागृह खदखदते. त्याच चित्रपटात बिलीला वर्षानुवर्षे शोधलेली आई सापडते आणि कळते की तो हरवला नव्हता, तिने त्याला सोडले होते.

१४/ त्याच वर्षीच्या 'जोकर'ने एक अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, 'शझॅम!'ची कमाई त्याच्या निम्म्याहूनही कमी. २०२३ चा उत्तरभाग तर आपटलाच. तेव्हा विनोद हा यशाचा हमखास मंत्र नाही. पण खेळकर सुपरहिरोपट जेव्हा मनात घर करतात, तेव्हा हसण्याच्या तळाशी बहुधा १९४० मधलाच तो बेघर मुलगा असतो.

१५/ म्हणून 'हे तर पोरांसाठी' असे कोणी म्हणाले, तर कालक्रम समोर ठेवावा. हसणारा नायक गडद नायकाचा अपरिपक्व धाकटा भाऊ नाही. हा हसरा कॅप्टन त्या गडद लाटेच्या चाळीस वर्षे आधी घराघरांत पोहोचला होता आणि मागे पडला तो खपाच्या घसरणीने आणि न्यायालयाच्या पायरीवर. वाचक मोठे झाले म्हणून नव्हे.

(धागा समाप्त)